सही आणि साक्ष



गेल्या अंकातील नामनिर्देशनावरील लेखानंतर अनेक बंधुभगिनींनी बँकेतील व्यवहारांविषयीच आणखी लिहावे असे सुचविले. यावेळचा विषय वरकरणी बँकेचा नाही. तो आहे क्रिकेटच्या बॅटीवरील स्वाक्षरीचा. तरीही या प्रसंगात मला माझ्या छत्तीस वर्षांच्या नोकरीतला अनुभवच उपयोगी पडला, म्हणून तो या सदरात मांडतो.

माघ पौर्णिमेच्या सुमारास सालेकसा तालुक्यातील कचारगड येथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. दरेकसा स्थानकावर उतरून धनेगावमार्गे लोक डोंगरातील त्या प्रचंड नैसर्गिक गुहेकडे जातात. महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा येथूनही लाखो भाविक येतात, कारण त्यांच्या परंपरेत पारी कुपार लिंगोंशी निगडित असे हे मूळस्थान आहे. माझ्या भाच्याचे गोंदियात धान्याचे ठोक दुकान आहे. यात्रेतील एका भोजन-मंडपासाठी तांदूळ आणि डाळ पोहोचवायची होती. नोकरीच्या काळात मी त्या तालुक्यातील एका लहान शाखेत तीन वर्षे होतो, त्यामुळे जुनी माणसे भेटतील या ओढीने मीही त्याच्या गाडीत बसलो.

माल उतरवून झाल्यावर आम्ही दुकानांच्या रांगेतून चाललो होतो. एका दुकानात मुलांच्या प्लास्टिकच्या बॅटी टांगल्या होत्या, प्रत्येकीवर कोणा ना कोणा नामवंत फलंदाजाची छापील सही. भाचा हसला आणि म्हणाला, "मामा, ही शंभर रुपयांची. मी घेतलेली पाहाल तर थक्क व्हाल." मग त्याने मोबाइलवर छायाचित्र दाखविले. सचिन तेंडुलकर यांची निळ्या मार्करने केलेली स्वाक्षरी असलेली, चांगल्या विलो लाकडाची बॅट. सोबत जाड कागदावरचे प्रमाणपत्र आणि चकाकणारा स्टिकर. ती त्याने दूरच्या शहरातील एका विक्रेत्याकडून घरबसल्या अठ्ठेचाळीस हजार रुपयांना मागविली होती. स्वतःच्या हौसेसाठी नव्हे. महावीर जयंतीच्या कार्यक्रमात तिची बोली लावायची आणि येणारी सारी रक्कम जीवदयेच्या निधीला, म्हणजे पांजरापोळीला द्यायची, असा त्याचा संकल्प होता. दीड-दोन लाखांपर्यंत बोली जाईल, असा अंदाजही त्याने बांधला होता.

मी विचारले, "ही सही होताना कोणी पाहिली?"

तो म्हणाला, "प्रमाणपत्र आहे ना, मामा."

तेवढ्यात "जय सेवा, साहेब" असा आवाज आला. आमच्या शाखेचे एक जुने खातेदार होते, आता पूर्ण पिकलेले. चहा घेताना जुन्या गोष्टी निघाल्या. ते निरक्षर, अंगठा उठविणारे. अंगठ्यावर पैसे काढायचे तर खातेदाराने स्वतः यायचे, पासबुकावरील छायाचित्राशी चेहरा ताडायचा, पुरुषाचा डावा आणि स्त्रीचा उजवा अंगठा घ्यायचा आणि बँकेच्या ओळखीच्या माणसाने साक्ष करायची, अशी रीत होती. ते हसत म्हणाले, "मी समोर उभा, माझा अंगठा समोर, तरी तुम्ही साक्षीदार आणा म्हणत होते." खरे होते. त्यांचा त्या काळी राग यायचा, हे त्यांनी आता सांगितले.

भाच्याने ते ऐकले. परतीच्या वाटेवर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, घरी चला आणि बॅट बघाच एकदा."

बँकेत सही तपासणे म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला फार सोपे वाटते. नमुना सही समोर ठेवायची आणि धनादेशावरील सही तिच्यासारखी दिसते का ते पाहायचे. नवा कारकून असेच करतो आणि पहिल्या वर्षातच फसतो. कारण खोटी सही करणाऱ्याचा सारा खटाटोप तिने तसे दिसावे यासाठीच असतो. अक्षरांचा आकार तो जुळवितोच. त्याला जुळविता येत नाही तो हाताचा वेग. ज्याची सही आहे तो ती लिहीत नाही, ती त्याच्या हातून होते. रेघ हलकी सुरू होते, वळणावर वाहते आणि शेवटी निमुळती होऊन सुटते. नक्कल करणारा मात्र सही काढतो, चित्र काढावे तशी. त्याची रेघ सुरुवातीला आणि शेवटी बोथट असते, मधेच थरथरते, जिथे हात उचलण्याचे कारण नाही तिथे पेन उचललेले दिसते.

दुसरी गोष्ट ऐकून पुष्कळांना नवल वाटते. दोन सह्या तंतोतंत जुळल्या, एकीवर दुसरी ठेवली असता केसाचाही फरक पडला नाही, तर अनुभवी अधिकारी निश्चिंत होत नाही, दचकतो. कोणीही मनुष्य दोनदा अगदी सारखी सही करू शकत नाही. तशी आढळली तर बहुधा एक दुसरीवरून गिरवलेली असते.

यासंबंधी अमेरिकेतील एक जुना खटला व्यापारी मंडळींना रुचेल असा आहे. मॅसॅच्युसेट्समधील सिल्व्हिया हाउलंड ही श्रीमंत बाई १८६५ साली वारली. तिची भाची हेटी रॉबिन्सन, जी पुढे हेटी ग्रीन या नावाने अफाट संपत्ती आणि तितकाच कंजूषपणा यांसाठी गाजली, हिने मृत्युपत्राला जोडलेले एक जादा पान पुढे केले. त्यावरील मावशीची सही मूळ सहीवरून गिरवलेली आहे, असा प्रतिपक्षाचा आरोप होता. या खटल्यात हार्वर्डचे गणितज्ञ बेंजामिन पियर्स यांची साक्ष झाली. त्यांचे पुत्र चार्ल्स यांनी बाईंच्या ४२ खऱ्या सह्या घेतल्या, प्रत्येक जोडी एकमेकीवर ठेवली आणि सहीतील ३० उतरत्या रेघा किती वेळा जुळतात ते मोजले. अशा ८६१ जोड्या होतात. सर्वसाधारणपणे पाचांत एखादीच रेघ जुळत होती. वादातील जोडीत मात्र तीसच्या तीस जुळल्या. असे आपोआप घडण्याची शक्यता इतकी क्षुल्लक, की तो आकडा उच्चारतानाही धाप लागावी. पियर्स यांच्या गणितातील गृहीतकांवर पुढे संख्याशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले आणि न्यायालयानेही निकाल दिला तो वेगळ्याच, तांत्रिक कारणावर. पण अति जुळणे हेच संशयाचे कारण, ही गोष्ट त्या खटल्याने जगापुढे आणली.

नक्कल ओळखता आली नाही तर काय होते, याचे आपल्याकडील उदाहरण १९८७ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. एका कंपनीच्या हिशेबनिसाने आपल्या व्यवस्थापकीय संचालकाच्या खोट्या सह्या करून अनेक धनादेश वटविले. कंपनीने आपली खातेपत्रके वेळच्या वेळी नीट तपासली नाहीत, असा बँकेचा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. खोट्या सहीचा धनादेश हा खातेदाराचा आदेशच नव्हे, असे म्हणून नुकसान बँकेच्या माथी बसले. (दुकानदार बंधूंनी यातून एवढे मात्र घ्यावे की चेकबुक आणि हिशेब एकाच माणसाच्या हाती ठेवू नये. न्यायालय पाठीशी उभे राहील, पण वर्षे जातील.)

असो. गोंदियाला पोहोचल्यावर दुकानाच्या पेढीवर बॅट ठेवली. दहापट मोठे दाखविणारे भिंग मी घरून आणले. भाऊजी, म्हणजे भाच्याचे वडील, गल्ल्यावर बसून कौतुकाने पाहत होते.

पहिली शंका छापील सहीची. कारखान्यातून निघणाऱ्या बॅटींवर खेळाडूची सही छापण्याची पद्धत जुनी आहे. सुनील गावसकर यांच्या नावाच्या बॅटी कित्येकांनी लहानपणी वापरल्या असतील. छापील सही भिंगाखाली बारीक ठिपक्यांची, किंवा एकसारख्या सपाट रंगाची दिसते. मार्करची रेघ स्वतःलाच ओलांडून जाते तेव्हा त्या ठिकाणी शाई दुहेरी बसून गडद होते. छपाईत असे होत नाही. भाच्याच्या बॅटीवर ओलांडणीच्या जागा गडद होत्या. म्हणजे ती कोणाच्या तरी हाताने केलेली होती, एवढे ठरले. त्याचा चेहरा उजळला.

दुसरी पाहणी रेघेची. येथे मार्कर फार फसवा. शाईच्या पेनाने केलेल्या सहीत दाब कमी-जास्त झालेला दिसतो. मार्करची टोक जाड, सारी रेघ एकसारखी रुंद, त्यामुळे हाताचा दाब कळतच नाही. नकली मालाचा धंदा करणाऱ्यांना मार्कर का आवडतो, ते यावरून ध्यानात यावे. पण विलोचे लाकूड शाई पिते. मार्कर एका जागी क्षणभर थांबला की शाई लाकडाच्या रेषांतून आजूबाजूला पसरते आणि बारीक फुगवटा येतो. झरझर केलेल्या सहीत असे फुगवटे फार तर सुरुवातीला किंवा शेवटी येतात. या सहीत ते वळणावळणावर होते. मी मोजले, सात होते. जणू लिहिणारा प्रत्येक वळणाशी थांबून पुढचा रस्ता विचारीत होता.

आणखी एक बाब. तेंडुलकर फलंदाजी उजव्या हाताने करीत, पण लिहितात डाव्या हाताने, हे सर्वश्रुत आहे. डावखुरा माणूस पुष्कळदा आडवी रेघ उजवीकडून डावीकडे ओढतो. रेघ जिथे सुटते ते टोक निमुळते असते, त्यावरून तिची दिशा कळते. बॅटीवरील आडव्या रेघा उजव्या टोकाला निमुळत्या होत होत्या. याला मी पुरावा म्हणणार नाही. कित्येक डावखुरे लोकही आपल्यासारखीच रेघ ओढतात. ही फक्त वहीत टिपून ठेवण्याजोगी शंका.

उलट बाजूही भाच्याला सांगितली. सही वाईट दिसते म्हणून ती खोटी, असे कधीही समजू नये. १९८९ साली कराचीत पहिली कसोटी खेळणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाची सही आणि २०१३ साली वानखेडेवर निवृत्त झालेल्या माणसाची सही एक कशी असेल? बँकेतही पंचवीस वर्षांपूर्वीचे नमुना कार्ड काढले की खातेदार स्वतःच स्वतःच्या सहीला ओळखत नाही, म्हणून आम्ही नवा नमुना मागत असू. सीमारेषेपाशी शंभर हात पुढे आलेले असताना केलेली सही तुटकी, अर्धवट असते. टेबलाशी बसून शे-दोनशे बॅटींवर केलेली सही सुबक असते. तेव्हा त्याच काळातल्या आणि शक्यतो तशाच परिस्थितीतल्या, निःसंशय खऱ्या अशा अनेक सह्या समोर असल्याशिवाय तुलना करण्यात अर्थ नाही. एकाच नमुन्यावरून निर्णय देणारा परीक्षक मला तरी भरवशाचा वाटत नाही.

मग भाच्यानेच तिसरी गोष्ट शोधली. त्या विक्रेत्याकडे याच खेळाडूच्या सहीच्या आणखी बॅटी विक्रीस होत्या. त्यांची छायाचित्रे त्याने काढली, मोबाइलवर एकाच मापाची केली आणि त्यांतील एक आपल्या बॅटीच्या छायाचित्रावर पारदर्शक करून ठेवली. दोन्ही सह्या एकमेकींत विरून गेल्या. हेटीच्या मावशीची गोष्ट मी त्याला त्यानंतर सांगितली.

आता प्रमाणपत्र. त्यावर सोनेरी किनार होती, क्रमांक होता आणि "ही स्वाक्षरी अस्सल असल्याची आम्ही हमी देतो" अशा अर्थाचा मजकूर होता. हमी देणारा कोण? विकणाराच. आपण व्यापारी लोक उधारीला जामीन मागतो तेव्हा ऋणकोच आपला जामीन होतो म्हणाला, तर त्याला चहा पाजून परत पाठवू. सही कोठे झाली, कोणत्या तारखेला झाली, समोर कोण होते, यांतले काहीही त्या कागदावर नव्हते. स्टिकरवर क्रमांक होता, पण तो कोणत्या नोंदवहीत पडताळावा याचा पत्ता नव्हता.

अमेरिकेत या व्यवसायाने फार मोठा धक्का खाल्ला, म्हणून तिथली व्यवस्था पाहण्याजोगी आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एफबीआयने सॅन डिएगो येथून खोट्या सह्यांच्या टोळ्यांविरुद्ध मोहीम चालविली. खोट्या सह्या करणारे, त्यांना प्रमाणपत्रे पुरविणारे आणि माल विकणारे अशी साखळीच निघाली. त्या मालात मदर तेरेसा यांच्या नावाची सही केलेला बेसबॉलचा चेंडूसुद्धा होता! त्या माउलीने बेसबॉलवर सही का करावी, असा प्रश्न घेणाऱ्याला पडला नसावा. या प्रकरणानंतर, २००१ पासून, तिथल्या प्रमुख बेसबॉल संघटनेने वेगळी रीत घातली. सही झाल्यावर तिचे परीक्षण करण्याऐवजी, सही होत असताना नेमलेला साक्षीदार हजर राहतो, त्याच क्षणी वस्तूला होलोग्राम लावतो आणि क्रमांक नोंदवितो. होलोग्राम काढू गेल्यास फाटतो. कचारगडच्या त्या खातेदारांच्या अंगठ्याला आमची शाखा जे करीत होती, तेच हे.

आपल्याकडे पुण्यात सहकारनगरात रोहन पाटे यांनी उभारलेले क्रिकेटचे संग्रहालय आहे. त्याचे उद्घाटन २०१२ साली तेंडुलकर यांच्याच हस्ते झाले. देशोदेशीच्या खेळाडूंच्या स्वाक्षरीच्या बॅटी तेथे आहेत. पुण्यास गेल्यास मुलांना अवश्य दाखवावे. डोळ्याला खऱ्या सहीची सवय व्हायला हवी असेल, तर काचेआडच्या शंभर खऱ्या सह्या पाहणे हा सर्वांत स्वस्त मार्ग. आम्हीही नव्या कारकुनाला पहिले पंधरा दिवस केवळ नमुना कार्डे चाळायला लावीत असू.

ज्यांना विकत घ्यायचेच आहे त्यांनी वस्तूचा प्रवास विचारावा. हुंडी हातोहात फिरते तेव्हा तिच्या पाठीवर प्रत्येकाची सही असते. मधली एक कडी तुटली की ती कोणी स्वीकारीत नाही. सहीच्या वस्तूचेही तसेच आहे. खेळाडूकडून कोणाला मिळाली, त्याच्याकडून कोणाकडे गेली, त्या वेळची पत्रे किंवा पावत्या आहेत का? सही करतानाचे छायाचित्र दाखविले तर तेवढ्यावर समाधान मानू नये. छायाचित्रातील बॅट हीच कशावरून? विलोवरील उभ्या रेषा आणि गाठी बोटांच्या ठशांसारख्या असतात, प्रत्येक बॅटीच्या निराळ्या. छायाचित्र पुरेसे स्पष्ट असेल तर रेषा मोजून मेळ घालता येतो. संपूर्ण संघाच्या सह्यांची बॅट असेल तर अधिक सावध राहावे, कारण सहकाऱ्यानेच दुसऱ्याची सही ठोकून दिल्याचे प्रकार अनेक देशांच्या खेळांत झाले आहेत, आणि त्यात वाईट हेतूही नसे, केवळ कंटाळा असे.

विदर्भातील वाचकांसाठी एक खास सूचना. भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे कर्णधार सी. के. नायडू मूळचे आपल्या नागपूरचे. त्यांचा जन्म तेथे १८९५ साली झाला आणि १९३२ साली लॉर्ड्सवर त्यांनी संघाचे नेतृत्व केले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत एखादी जुनी स्वाक्षरीवही असणे अशक्य नाही. अशा वहीचे पान तपासायला आपल्या गल्ल्यावरचा नोटा तपासण्याचा अतिनील दिवाच पुरतो. साधारण १९५० नंतरच्या कागदात शुभ्रता आणणारी रसायने सर्रास आली, ती या दिव्याखाली निळसर चमकतात. १९३२ चे म्हणून दाखविलेले पान असे चमकले तर ते त्या काळचे नव्हे. त्या काळची सही शाईच्या पेनाची किंवा पेन्सिलीची असणार. बॉलपेन दुसऱ्या महायुद्धानंतर रुळले, आणि मार्कर त्याहून पुष्कळ नंतर. नायडू १९६७ साली निवर्तले, तेव्हा "१९३२ ची" म्हणून जाड मार्करची सही कोणी पुढे केल्यास हात जोडावेत.

अशा वहीत "अमुक यांस" असे नाव घालून सही असली तर घरची मंडळी हळहळतात, कारण त्यामुळे किंमत कमी येते. माझे मत उलट आहे. नक्कल करणारा नाव कशाला घालील? ते नाव आपल्या आजोबांचे असेल तर याहून चांगली साक्ष नाही. वहीतील पान कापून वेगळे करू नये. मागच्या-पुढच्या पानांवरील तारखा, गावे, इतर सह्या हाच तिचा पुरावा असतो. प्लास्टिकचे आवरण गरम करून चिकटवू नये आणि फिकट झालेली सही पुन्हा गिरवून तर मुळीच काढू नये. आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी प्रेमापोटी तसे केले. खऱ्या सहीची स्वतःच्या हाताने नक्कल करून ठेवली.

पुन्हा बॅटीकडे येतो. भाऊजींनी गल्ल्यावरून विचारले, "मग खोटी आहे का?" मी म्हटले, "तसे मी म्हणत नाही." बँक धनादेश परत करताना शेरा मारते तो "सही जुळत नाही" असा. खातेदाराची सही खोटी आहे, असा शेरा आम्ही कधी मारीत नसू. तो निर्णय न्यायालयाचा. आमचे काम एवढेच की शंका असताना पैसे द्यायचे नाहीत. माझ्या लेखी ही सही जुळत नव्हती.

यानंतरचा प्रसंग लिहावा की नाही, याचा मी विचार केला. भाऊजींनी लिहा म्हटले, म्हणून लिहितो.

ते म्हणाले, "तुम्हीच म्हणता की खोटी ठरलेली नाही. प्रमाणपत्र आहे. बोली लावणारा प्रमाणपत्र पाहून लावील. पैसा आपल्या घरात येत नाही, मुक्या जनावरांच्या चाऱ्याला जातो. यात पाप कोणाला?" युक्तिवाद सहज खोडून काढण्यासारखा नव्हता. त्यांचे अठ्ठेचाळीस हजार गेले होते आणि मुलाने सभेत जाहीरही करून टाकले होते. व्यापाऱ्याला दिलेला शब्द मागे घेणे फार जड जाते.

मी त्यांना आपल्याच घरातल्या ग्रंथाची आठवण दिली. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. सत्याणुव्रताच्या अतिचारांत "कूटलेखक्रिया" आहे, म्हणजे खोटा लेख तयार करणे. ते काम विक्रेत्याने केले असेल तर ते त्याच्याकडे. पण अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत "प्रतिरूपकव्यवहार" आहे. अस्सलाच्या जागी त्यासारखे दिसणारे देऊन व्यवहार करणे. तिथे माल कोणी बनविला हा प्रश्न नाही, देवघेव कोणी केली हा आहे. वजन-मापातील खोटेपणा त्याच यादीत त्याच्या शेजारी बसविला आहे. आणि बोली लावणार कोण? आपल्याच समाजातला कोणी बंधू, दानाच्या भावनेने. भाऊजी रोज स्वाध्याय करणारे आहेत, त्यांना शब्दांचा अर्थ मी सांगण्याची गरज नव्हती. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी मुलाला बॅट आत नेऊन ठेवायला सांगितली.

भाच्याने विक्रेत्याला लेखी विचारले की सही कोणत्या दिवशी, कोठे आणि कोणासमक्ष झाली. उत्तर आले ते पुढील खरेदीवर वीस टक्के सवलतीचे. त्यानंतर त्याने पैसे परत मागितले आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदविली. खरेदीची पावती, प्रमाणपत्र, सर्व पत्रव्यवहार आणि एकमेकींवर ठेवलेल्या त्या दोन सह्यांची छायाचित्रे त्याने जपून ठेवली आहेत. हे लिहीपर्यंत पैसे आलेले नाहीत.

सभेतही त्याने स्वतः उभे राहून बॅट मागे घेत असल्याचे कारणासह सांगितले. एक-दोघे हसले. एका वयस्कर सद्गृहस्थांनी मात्र नंतर बाजूला घेऊन, आपल्याही दिवाणखान्यात अशी एक चौकट आहे, ती जरा पाहून जा, असे मला सांगितले.

बोलीसाठी यंदा चांदीचा कलश ठेवला आहे. तो भाऊजींनी दिला, आणि समितीच्या चार जणांसमक्ष सराफाच्या काट्यावर तोलून आणला.